शैला गमरे मुंबई बंदर राखतात

अपेक्षानं आत्याला न विचारता तिचं नाव देऊन टाकलं होतं, आणि ते सांगितलं तेही संध्याकाळच्या चहाला, बिस्किट बुडवता बुडवता.

"आत्या, रविवारी तू रशियाशी लढतेयस."

शैलाबाईंना वाटलं, पोरगी नेहमीसारखी फिरकी घेतेय. "बरं. आणि स्वयंपाक कोण करणार?"

"मस्करी नाही करत गं. दादरला दर्यावर्दी इतिहास मंडळाचा दिवसभराचा खेळ आहे. मोठा नकाशा, लाकडी जहाजं, फासे, पंच, सगळं. अठराशे पंच्याऐंशी साल. तेव्हा इंग्रजांना रशियाची धास्ती होतीच, तर रशियन जहाजं मुंबईवर चालून आलीत असं धरायचं. सगळ्यांना रशियन व्हायचंय, मुंबई राखायला एकही जण तयार नाही. मग मी तुझं नाव टाकलं."

"आणि समोर कोण?"

अपेक्षानं बिस्किटाचा तुकडा कपात पडू दिला. "कॅप्टन प्रधान."

शैलाबाईंनी उठून गॅलरीतले कपडे काढायला घेतले, वाळले नव्हते तरी.

शैला गमरे भोईवाड्याच्या. पालिकेच्या शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला आणि यंदाच्या मे महिन्यात निवृत्त झाल्या. लढायांचं वेड त्यांना लागलं ते कापसामुळे. बी.एड. करताना गिरणगावावर निबंध लिहायचा होता. मुंबईत एवढा पैसा आला कुठून, हे शोधता शोधता त्या थेट अमेरिकेत पोचल्या. तिथे यादवी पेटली, उत्तरेच्या नौदलानं दक्षिणेची बंदरं आवळली, विलायतेच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि इथे मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. निबंध तिथेच संपायला हवा होता. पण ती बंदरं आवळली कशी, हे बघायला बाई वाचत राहिल्या आणि कापसाचं बोट सोडून जहाजांच्या मागे लागल्या.

त्या चार वर्षांत समुद्रावरची लढाई पार बदलून गेली होती. आधी लाकडी जहाजं, दोन्ही कुशींना तोफांच्या रांगा. नेम धरायचा तर अख्खं जहाज वळवावं लागे. मग लोखंडी चिलखतं आली. मग 'मॉनिटर' नावाचं एक विचित्र बुटकं जहाज आलं. पाण्याला चिकटलेली सपाट डेक आणि तिच्यावर गोल फिरणारा लोखंडी बुरूज. जहाज वळवायचं कामच नाही, तोफच वळते. शिवाय लांब दांड्याच्या टोकाला सुरुंग बांधून इवल्याशा होड्या मोठमोठ्या जहाजांच्या पोटात घुसायला लागल्या. हे सगळं इंग्रजांनी डोळे उघडे ठेवून पाहिलं आणि काही वर्षांनी मुंबई बंदराच्या रक्षणासाठी तशाच बुरुजांची दोन जहाजं आणून ठेवली. एकीचं नाव मॅग्डाला, दुसरीचं ॲबिसिनिया. शैलाबाई ती नावं अशी घेत, की जणू त्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या बायकाच.

कॅप्टन हर्षवर्धन प्रधान नौदलातून निवृत्त झालेले. अभ्यासू माणूस, बोलणं गोड. त्यांचं म्हणणं असं, की ही दोन जहाजं म्हणजे सरकारनं पोसलेले पांढरे हत्ती होते. खरी लढाई झाली असती, तर चांगल्या कप्तानाच्या हाताखालच्या तीन क्रूझरनी, म्हणजे वेगवान लढाऊ जहाजांनी, मुंबई दुपारच्या जेवणाआधी घेतली असती. फार वर्षांपूर्वी गिरगावात मंडळाच्या बैठकीत शैलाबाईंनी याच्या उलट निबंध वाचला होता. शेवटी कॅप्टननी अगदी आपुलकीनं विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही समुद्रावर कधी गेलाय का हो?" बाई खरं तेच बोलल्या, "घारापुरीला, शाळेच्या सहलीबरोबर." सभागृह इतकं हसलं, की पुढचे प्रश्न कोणी विचारलेच नाहीत. त्यानंतर बाईंनी त्या मंडळाची पायरी चढली नव्हती.

कपडे घेऊन त्या आत आल्या. पलंगावर त्यांची आई रखमाबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "जातेस का नाय?"

"बघते."

"बघायचं काय त्यात? घाबरलीस काय प्रधानाला?"

शैलाबाईंनी कपाट उघडून जहाजांवरची पुस्तकं खाली काढली. अपेक्षानं मुठीत हवा दाबून 'येस' म्हटलं.

सभागृह शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत होतं. खुर्च्या भिंतीला सरकवलेल्या आणि जमिनीवर निळ्या रंगवलेल्या कापडाचा प्रचंड नकाशा. कुलाब्याची दांडी, खांदेरी, करंजा, घारापुरी, वर माझगावपर्यंतच्या गोद्या. जिथे पाणी उथळ आणि खाली गाळ, तिथे तपकिरी पट्टे ओढलेले. कडेला एक पितळी घंटा. घंटा वाजली की एक फेरी संपली, आणि भरती-ओहोटीचा काटा एक घर पुढे.

शैलाबाईंच्या बाजूला अपेक्षा आणि निलेश परब. निलेश त्यांच्याच शाळेत पी.टी. शिकवायचा. लालबागचा गडी, मूळ मालवणचा. लढाईतलं त्याला काही कळत नव्हतं, पण फासे टाकायला आपल्यासारखा हात नाही, असं तो छातीठोक सांगत होता.

"बाई, तुम्ही फक्त सांगा किती पाडू," तो म्हणाला.

कॅप्टन पुढे आले, हात जोडले. "गमरे मॅडम! किती वर्षांनी! मला वाटलं तुम्ही आम्हाला विसरलात."

"नाही हो, कशी विसरेन," शैलाबाई म्हणाल्या.

पंच होते अजित सर, कॉलेजात इतिहास शिकवणारे, कडक पण न्यायाचे. त्यांनी नियम वाचून दाखवले. रशियनांकडे तीन वेगवान क्रूझर आणि लांब पल्ल्याच्या तोफा. मुंबईकडे दोन संथ बुरूजवाली जहाजं आणि दांड्याच्या सुरुंगाच्या सहा वाफेच्या लाँच. लपवलेली लाँच नकाशावर ठेवायची नाही, ती कुठे आहे ते फक्त पंचांना चिठ्ठीवर कळवायचं. खेळातली पहाट होईपर्यंत गोद्या शाबूत राहिल्या तर मुंबई जिंकली.

शैलाबाईंनी कागद दोनदा वाचला. "सर, इथे कुलाब्याच्या बराकीत समुद्री पलटण लिहिलीय. मरीन बटालियन. तिचं काम काय?"

"ती नुसती नोंद आहे मॅडम. खेळात तिला हालचाल नाही."

"मग लाँच कोण चालवतं? तोफा कोण भरतं?"

"ते धरलेलंच आहे."

"मला ती माणसं बराकीतून काढून जहाजांवर चढवायची आहेत. निम्मी ॲबिसिनियावर, निम्मी लाँचमध्ये."

भिंतीजवळ कोणीतरी हसलं. कॅप्टन मात्र हसले नाहीत. "हरकत नाही माझी. चढवा की."

अपेक्षानं आत्याकडे चोरून पाहिलं. ही पलटण तिलाही ठाऊक होती. गमरे मूळचे दापोलीचे. कोकणातल्या महारांची पोरं त्या काळी पलटणीत भरती होत, आणि गमऱ्यांच्या घरातला सोननाक याच समुद्री पलटणीत होता, एवढं पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलं होतं. पुढे सरकारनं महारांची भरतीच बंद केली आणि त्यांची मुलं-नातवंडं गिरणीत आली. सोननाकाबद्दल याहून जास्त कोणालाच माहीत नव्हतं. तो कसा दिसायचा, कुठे लढला, काही नाही. पण बोटीवर तो होता. बोट काही आपोआप चालत नव्हती.

घंटा वाजली.

कॅप्टन शहाण्यासारखे खेळले. तिन्ही क्रूझर त्यांनी खांदेरीच्या बाहेर, खुल्या समुद्रात ठेवल्या आणि लांबून एकेक गोळा टाकायला सुरुवात केली. नुकसान फारसं होत नव्हतं, पण डिवचणं चालू होतं.

"बाई, जाऊया ना बाहेर! देऊया एक ठेवून!" निलेश फासे खुळखुळवत म्हणाला.

"त्यांना तेच हवंय. आपली जहाजं बुटकी आहेत निलेश, डेक पाण्याच्या नुसती वीतभर वर. असली जहाजं खुल्या समुद्रात टिकत नाहीत. तो पहिला मॉनिटर शत्रूच्या तोफेनं नाही बुडाला. वादळी लाटांत पाणी आत घुसून बुडाला. आपण आत थांबायचं."

कॅप्टननी लांबूनच मान हलवून दाद दिली. गळ गिळला गेला नाही, हे त्यांना कळलं. मग ते बंदराच्या तोंडाशी आले, आणि शैलाबाईंकडून चूक झाली ती तेव्हा. क्रूझर टप्प्यात आलेल्या पाहून त्यांना धीर धरवला नाही. करंजाच्या बाजूला लपवलेल्या तीन लाँच त्यांनी सरळ उघड्या पाण्यावरून सोडल्या.

पंचांनी चिठ्ठी उघडली. "चांदणं आहे, मॅडम. रशियनांना लाँच लांबूनच दिसल्या."

कॅप्टनच्या फाशांनी पुढचं काम केलं. तिन्ही लाँच गेल्या. पंचांनी त्या एकेक करून उचलल्या आणि टोपलीत टाकल्या. लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज शैलाबाईंना नको इतका मोठा वाटला.

"माणसं होती त्यांत," त्या पुटपुटल्या.

"आत्या, खेळ आहे," अपेक्षा हळूच म्हणाली.

"ठाऊक आहे मला." पण त्यांचा चेहरा उतरला होता. जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा मॅग्डालाच्या एका बुरुजाला तडा गेला होता, क्रूझर तिन्ही धडधाकट होत्या आणि खुर्च्यांवरची मंडळी निकाल लागल्यासारखी घरच्या गप्पा मारत होती.

निलेशनं कोपऱ्यावरून वडापाव आणले. तिघं फुटपाथवर उभं राहून खात होती. समोर रस्ता खोदलेला, पत्रे लावलेले, आणि खड्ड्यात एक पिवळा पोकलेन. सकाळी पाइप फुटला असावा, खड्डाभर राडा झाला होता. पोकलेनची साखळीची चाकं अर्धी चिखलात बुडाली होती आणि दोन माणसं वरून ओरडत होती, "निकलेगा नहीं वो, क्रेन बुलाओ!"

ड्रायव्हर काही ऐकत नव्हता. यंत्र निघत नाही तर न निघो. तो वरच्या केबिनसकट गर्रकन फिरला, डावीकडचा गाळ उचलला, फिरला, उजवीकडच्या डंपरमध्ये ओतला. परत फिरला. खालचं अंग रुतलेलं, वरचं अंग मोकळं.

शैलाबाईंचा वडापाव हातातच राहिला.

"काय झालं, बाई? तिखट लागलं?"

"निलेश," त्या म्हणाल्या, "जहाज गाळात घालायचं."

"आँ?"

"अपेक्षा, तुला अमेरिकेतली हॅम्प्टन रोड्सची लढाई सांगितलेली आठवते? पहिल्या दिवशी दक्षिणेच्या लोखंडी जहाजानं दोन लाकडी जहाजं संपवली. तिसरं गाळात रुतलं, मिनेसोटा. त्याचं काय झालं?"

"ते काहीच करू शकेना. बसून मार खाल्ला. मग दुसऱ्या दिवशी मॉनिटर मध्ये आला म्हणून वाचलं."

"का करू शकेना?"

"तोफा कुशीला. जहाज वळत नाही म्हणजे..." अपेक्षा थांबली. तिची नजर पोकलेनवर गेली आणि तिथेच राहिली. "आत्या!"

"आणि रुतलेलं जहाज एक गोष्ट कधीच करत नाही," शैलाबाई म्हणाल्या. "ते बुडत नाही."

निलेशनं आळीपाळीनं दोघींकडे पाहिलं. "माका समाजला नाय, पण बाई, तुमचो चेहरो बघून बरा वाटता," तो म्हणाला आणि उरलेला वडा एका घासात संपवला.

दुपारची पहिली घंटा झाली. ओहोटीचा काटा उतरत होता. पंचांनी शैलाबाईंची चिठ्ठी उघडली, वाचली, चष्मा काढून पुन्हा वाचली.

"मॅडम, ॲबिसिनिया तुम्ही या उथळ पट्ट्यावर नेताय. खाली गाळ आहे आणि पाणी उतरतंय. पुढच्या भरतीपर्यंत ती हलायची नाही."

"हो."

"नक्की?"

"नक्की."

खुर्च्यांवर चुळबुळ झाली. जे गप्पा मारत होते ते पुढे वाकले. कॅप्टननी नकाशाकडे बराच वेळ पाहिलं. "पंच, रुतलेलं जहाज एका अंगावर कलतं. कललेल्या जहाजाचा बुरूज फिरत नाही. वजनच तेवढं असतं."

"तळ सपाट आहे तिचा," शैलाबाई म्हणाल्या. "रुंद आहे ती. मऊ गाळात पाटासारखी बसेल."

दोघांचंही म्हणणं खरं होतं. पंच विचारात पडले. मग म्हणाले, "फासा ठरवेल. पण नुसत्या चांदण्यात, एवढ्या लांबून, रशियनांना ती कललीय की सरळ बसलीय हे दिसणार नाही. निकाल फक्त मॅडमना कळेल." त्यांनी पाठ करून फासा टाकला आणि शैलाबाईंच्या कानात काहीतरी सांगितलं.

शैलाबाईंनी चेहऱ्यावर रेष हलू दिली नाही. शाळेत चाळीस पोरांसमोर उभं राहून जी कला येते ती ही.

कॅप्टनच्या दोन क्रूझर पुढे सरकल्या आणि ॲबिसिनियावर मारा सुरू झाला. चिलखतावर गोळे बसत होते. पंच मोजून खुणा करत होते.

"उत्तर?" त्यांनी विचारलं.

"नाही," शैलाबाई म्हणाल्या.

निलेशचा फासेवाला हात शिवशिवत होता. "बाई..."

"गप्प बस."

पुन्हा घंटा. पुन्हा मारा. एक गोळा बॉयलरवर बसला, जहाजावरची वाफ गेली. अपेक्षानं ओठ चावला. शैलाबाईंनी पुन्हा नकार दिला. ज्या माणसांना आपण हट्टानं त्या जहाजावर चढवलं, ती आता अंधारात, लोखंडाच्या पोटात, कानठळ्या बसवणाऱ्या दणक्यांत गप्प बसलीत, आणि हुकूम आपण दिलाय, हे त्यांना इतकं स्पष्ट दिसत होतं, की हाताच्या मुठी दुखायला लागल्या.

कॅप्टन आपल्या जोडीदाराशी कुजबुजले. दोन फेऱ्या झाल्या, बुरूज हलला नाही. म्हणजे जहाज कललंय. आता ते संपवायचं आणि त्याच्या शेजारून गोद्यांत घुसायचं. खोल पाण्याची वाट तिथे अरुंद होती, पण होती. पहिली क्रूझर त्या वाटेत शिरली, ॲबिसिनियाच्या अगदी जवळ. दुसरी तिच्या मागोमाग.

"आता," शैलाबाई म्हणाल्या. "दोन्ही बुरूज फिरवा."

कॅप्टननी झटकन वर पाहिलं.

"वाफ नाही, मॅडम," पंच म्हणाले.

"हातानं फिरवू."

"हातानं फिरवायला माणसं लागतात. आतापर्यंतच्या मारात खलाशी निम्मे कामी आलेत."

"पलटण आहे ना जहाजावर," शैलाबाई म्हणाल्या. "सकाळीच चढवलीय."

पंचांनी सकाळचा कागद पाहिला. कॅप्टननीही पाहिला. मग पंचांनी स्वतः वाकून लाकडी ॲबिसिनियाचे दोन्ही छोटे बुरूज बोटानं फिरवले आणि क्रूझरच्या कुशीवर रोखले; ॲबिसिनिया गाळात सरळच बसली होती.

"टाक रे," शैलाबाई म्हणाल्या.

निलेशनं फासे कपाळाला लावले आणि सोडले. एवढ्या जवळून चुकायला जागाच नव्हती. पहिल्या क्रूझरचं इंजिन बंद पडलं. त्याच क्षणी पंचांनी दुसरी चिठ्ठी उघडली आणि ॲबिसिनियाच्या पाठीमागून, तिच्या सावलीतून, उरलेल्या तीन लाँच नकाशावर ठेवल्या. जहाजाच्या आड त्या सुट्टीनंतरच्या पहिल्या फेरीपासून लपून होत्या. चांदण्यातही त्या कोणाला दिसल्या नसत्या.

"अरे बापरे," कॅप्टन म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

पहिली लाँच पोचण्याआधीच उडाली. दुसरीसाठी निलेशनं फासे टाकले, ते भिंतीपर्यंत घरंगळत गेले, आणि खुर्च्यांवरचे सगळे उठून बघायला धावले.

"सहा! अरे सहा पडले!" भिंतीजवळून कोणीतरी ओरडलं. सकाळी हसलेला माणूस तोच होता.

दांड्याचा सुरुंग क्रूझरच्या पोटात फुटला. ती अरुंद वाटेतच बसली आणि वाट बंद झाली. मागची क्रूझर वळायला गेली तर पाणी उतरलेलं, जागा नाही. तिच्या तोफा कुशीला होत्या आणि नाक ॲबिसिनियाकडे. ती वळेपर्यंत तडा गेलेली मॅग्डाला रखडत रखडत दुसऱ्या बाजूनं आली. तिसरी क्रूझर एकटी बाहेर. कॅप्टननी आणखी एक फेरी झुंज दिली, हट्टानं आणि हुशारीनं, पण शेवटी पंचांनी काटा पहाटेच्या घरावर नेला आणि घंटा वाजवली.

"गोद्या शाबूत. मुंबई जिंकली."

अपेक्षानं आत्याला मिठी मारली. निलेशनं दोन्ही हात वर करून अशी आरोळी ठोकली, की वॉचमन आत डोकावला. शैलाबाईंना काय करावं तेच कळेना. त्या नकाशाच्या कडेला बसल्या आणि टोपलीतून बुडालेल्या लाँच काढून एका ओळीत ठेवायला लागल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसतही होत्या.

कॅप्टन लगेच आले नाहीत. आधी त्यांनी पंचांशी वाद घातला, कलण्याचा फासा बघायला मागितला, नियमांचा कागद दोनदा चाळला. मग गुडघ्यावर हात टेकत ते शैलाबाईंच्या शेजारी जमिनीवर बसले.

"दोन फेऱ्या गप्प कशा बसलात हो तुम्ही? मी असतो तर पहिल्याच फेरीत तोफ डागली असती."

"मलाही डागायची होती."

"मग?"

"तुम्ही आणखी जवळ यायला हवे होतात."

कॅप्टन मोठ्यानं हसले. उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मंडळी, ही जहाजं म्हणजे पांढरे हत्ती, असं मी इतकी वर्षं सांगत आलो. तुम्ही सगळ्यांनी ते ऐकून घेतलंत. आज ते चूक निघालं. पुढच्या महिन्यात गिरगावात मी बोलणार होतो. त्याऐवजी गमरे मॅडम बोलतील. बोलाल ना?"

"बोलेन," शैलाबाई म्हणाल्या, "पण जहाजांवर नाही. पलटणीवर."

त्या रात्री भोईवाड्यात कोणी लवकर जेवलं नाही. निलेशनं चाळीच्या तोंडाशीच बातमी फोडली होती. गॅलरीत खडूनं बंदर काढलं गेलं, काडेपेट्यांची जहाजं झाली, कोणीतरी ओली चादर पसरून गाळ केला आणि शैलाबाईंना अख्खी लढाई पुन्हा लढून दाखवावी लागली. बुरूज फिरवायच्या वेळी तर सगळेच ओरडत होते.

पुढच्या महिन्यात गिरगावचं सभागृह भरलं, मागे लोक उभे होते. पहिल्या रांगेत रखमाबाई, नव्या पांढऱ्या साडीत, शेजारी अपेक्षा. शैलाबाई उभ्या राहिल्या. समोर कॅप्टन वही उघडून बसलेले. बाईंनी कागद सरळ केले, घसा साफ केला आणि सुरुवात केली, पण आवाज मागपर्यंत पोचेना.

"माइक जवळ घे गं!" रखमाबाई पहिल्या रांगेतून ओरडल्या. "सगळ्यांना ऐकू जाऊ दे!"

शैलाबाईंनी माइक जवळ ओढला आणि पुन्हा पहिल्यापासून, मोठ्या आवाजात सुरू केलं.